सातभाईंच्या फांदीवरची मोकळी जागा

फार वर्षांपूर्वी एका बाभळीच्या फांदीवर सात सातभाई पक्षी अंगाला अंग लावून बसत. थंडीच्या एका संध्याकाळी आपल्या थव्यातून चुकलेला एक सातभाई तिथं आला. टोकाला बसलेल्या धाकल्याला म्हणाला, "दादा, तुमच्याशेजारी टेकू का?"

धाकल्याशेजारी फांदी मोकळीच होती. पण थोरला खेकसला, "सातांत आठवा बसत नसतो!"

पाहुणा चाचरत म्हणाला, "मुनिया नव्याला ओळीच्या शेवटी बसवून घेतात. पोपट तर मोठी फांदी शोधून सगळेच तिकडं जातात."

"त्यांचं त्यांच्यापाशी!"

धाकला गप्प राहिला. पाहुणा पलीकडच्या बोरीवर एकटाच बसला. उजाडताच ससाण्यानं त्याला उचललं.

"नशीब त्याचं," थोरला म्हणाला.

धाकल्याला मात्र दाणा गोड लागेना. 'ये, बस' एवढंच तर म्हणायचं होतं, आणि ते त्याला म्हणता येत होतं.