पहिल्या ओळीतला राग

डोंगराच्या बेचक्यात वसलेल्या एका गावात भागोजी टेमकर नावाचा एक तापट माणूस राहत होता. गावात मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून ग्रामपंचायतीने पाण्याच्या टाकीवर वायफायचा डबा बसवला आणि तो भागोजीच्या हवाली केला. कोणाला जाऊ द्यायचं आणि कोणाला अडवायचं, याची यादी भागोजीच त्या डब्यात भरत असे. डबा ती यादी वरून खाली वाचायचा. जो नियम आधी लागू पडेल तो पाळायचा आणि तिथेच थांबायचा. पुढे काय लिहिलंय ते बघायचाही नाही.

तालमीतली पोरं दिवसभर सिनेमे उतरवून घेत आणि दवाखान्याचं काम रखडे. भागोजीने एकाचा फोन अडवला, की तो दुसऱ्याचा घेऊन बसे. समजावून झालं, दटावून झालं. एक दिवस त्यांचा म्होरक्या रंगा भर चावडीत म्हणाला, "डबा गावाचा आहे. तुझ्या बापाचा नाही."

भागोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा राग खोटा नव्हता. असल्या उर्मट पोरांचा कोणालाही यावा. पण रंगाला जाब विचारायचं सोडून तो घरी आला आणि यादीच्या अगदी पहिल्या ओळीत त्याने घातलं, 'सर्वांना बंद'. खाली दवाखान्याला परवानगी होतीच, तेव्हा काळजी कसली, असं म्हणत तो जेवायला बसला. डबा कसा वाचतो हे त्याला तोंडपाठ होतं. पण रागावलेल्या माणसाला पाठ केलेलं आठवतं थोडंच!

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातली नर्स कुंदाताई धावत त्याच्या दारात आली. बराच वेळ दवाखान्यातल्या संगणकाच्या पडद्याशी झगडून ती थकली होती.

"केरबानानांना फुरसं चावलंय. विषावरची सुई द्यायच्या आधी तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं आणि डॉक्टर पडद्यावर येईनात. दादा, डबा बघा."

"दवाखाना चालू आहे. मी स्वतः लिहिलंय. तुम्हाला रंगाने पाठवलं ना?"

"नानांचा पाय काळा पडायला लागलाय आणि तुम्हाला रंगा सुचतोय?"

भागोजी आणखीच भडकला. पोरांचे जुने-नवे सगळे अपराध त्याने तिला उभ्या उभ्या ऐकवले. शेवटी तिला खोटं पाडायचं म्हणून त्याने यादी उघडली. पहिल्याच ओळीत 'सर्वांना बंद' होतं, डबा तिथेच थांबत होता. त्याने ती ओळ पुसली. डॉक्टर दिसले, सुई दिली गेली. केरबानानांचा जीव वाचला, पाय वाचला नाही.

रंगा त्या दिवशी शेजारच्या गावात मामाकडे बसून खुशाल सिनेमा बघत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

भागोजी तालुक्याच्या दवाखान्यात नानांना भेटायला गेला. नानांनी जन्मभर गवंडीकाम केलेलं. पांघरुणाखाली जिथे पाय असायला हवा होता, तिथे ते बघत होते.

"भागोजी," ते म्हणाले, "मला तर फोनसुद्धा लावता येत नाही. तुझा माझ्यावर कसला राग होता रे?"



तात्पर्य: रागाने घातलेली बंदी गुन्हेगाराला शोधत बसत नाही, समोर येईल त्याला अडवते, म्हणून राग कितीही खरा असला, तरी नियम तो उतरल्यावरच करावा.