शिदू कासाराने आणलेलं बोलकं खेळणं

एका गावात एक भोळा कासार राहत असे. शिदू त्याचं नाव. बांगडी भरताना एखादी बाई म्हणाली, "हळू रे शिदू," तर तो संध्याकाळपर्यंत रस्त्यानेही हळूच चालायचा. घरात बायको वैजंता, दोन वर्षांची लेक मुक्ता आणि म्हातारी गोदाआत्या.

देवाच्या दयेने सगळं ठीक होतं. फक्त मुक्ता बोलत नव्हती. हसायची, रुसायची, हवं ते बोट दाखवून मागायची. शब्द मात्र एक नाही. आळीतली तिच्या वयाची पोरं "बाबा, बाबा" करत आपापल्या बापाला लोंबकळायची. शिदू ते बघत राहायचा. लेकीने आपल्याला एकदा बाबा म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

श्रावण लागला. वैजंताने लेकरांना सांभाळणाऱ्या जिवतीची शुक्रवारची पूजा मांडायचं ठरवलं. गोदाआत्या म्हणाली, "मी सोमवारी दिवसभर मौन धरीन. आणि शिदू, तू पोरीशी बोलत राहा. वेळ झाली की बोलेल हो ती."

नुसतं बोलत राहण्याने शिदूचं समाधान होईना. तो तालुक्याला खेळण्यांच्या दुकानात गेला.

दुकानदार म्हणाला, "काका, आता मुलं आईबापांकडून शिकत नाहीत. यातून शिकतात." आणि त्याने एक गुलाबी छोटा कॉम्प्युटर समोर ठेवला. बटण दाबलं, दिवे लागले, आतून बाई ओरडली, "हॅलो बेबी!"

शिदूने हात जोडले. "मग मी काय करायचं?"

"काही नाही. हा लावायचा आणि तुम्ही गप्प बसायचं. बोलायचं काम याचं."

शिदू घरी आला. मुक्ता ओसरीवर बांगड्या घेऊन बसली होती. लाल बांगड्या लाल बांगड्यांत, हिरव्या हिरव्यांत ठेवत होती. शिदूने त्या काढून घेतल्या.

"खेळतेस काय बाई? शीक की!"

त्याने कॉम्प्युटर लावला. आतली बाई म्हणाली, "रेड! ग्रीन!" मुक्ता रडायला लागली. शिदू गप्प बसला. तेवढ्यात शेळी आली. अंगणातली तुळस खाऊ लागली. शिदू बघत राहिला. पानं संपली, मंजिऱ्या संपल्या, शेळी ढेकर देऊन गेली.

वैजंता पाणी घेऊन आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. "अहो, तुमच्यासमोर तुळस खाल्ली?"

शिदूने मान हलवली.

"मग तोंडाला काय झालं? असं कुणी दारातून आत घुसलं, की आरडाओरडा करावा! काठी घ्यावी, हाकलून द्यावं!"

"बरं," शिदू म्हणाला. त्याला पटलं.

शुक्रवार आला. वैजंताने पुरणपोळ्या केल्या, एका लेकुरवाळ्या सवाष्णीला जेवायला बोलावलं. बिचारी नऊवारी सावरत, डोक्यात गजरा माळून दारातून आत वाकली.

"हुर्र! चल, नीघ!" शिदू काठी घेऊन धावला. सवाष्ण पळाली ती देवळापर्यंत. गजरा अंगणात पडला.

वैजंताच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, लेकीसाठी बोलावली होती ना तिला! आता जिवती काय म्हणेल? असं कुणी घरी आलं तर त्याला पाट द्यावा. मऊ बोलावं. पुरणपोळी वाढावी, नको म्हटलं तरी आग्रह करावा."

"हे आधी सांगायचं," शिदू म्हणाला. वैजंता सवाष्णीची समजूत घालायला निघून गेली.

इकडे कॉम्प्युटर बंद पडला. दिवे नाहीत, गाणं नाही. शिदूने विचार केला. हाही घरी आलेलाच. रुसला असेल. त्याने पाट मांडला, त्यावर कॉम्प्युटर बसवला, पुढ्यात पुरणपोळी ठेवली.

"घ्या," तो मऊ आवाजात म्हणाला.

कॉम्प्युटर गप्प.

"लाजू नका. अर्धी तरी घ्या. माझ्या गळ्याची शपथ." आणि त्याने वर तूप सोडून पोळी बटणांवर चेपली. मुक्ता टाळ्या पिटत जवळ आली आणि बटणांवरचं पुरण चाटू लागली. त्या दिवशी दोघं बापलेक त्या पाटाशी बराच वेळ बसले. तो एकेक घास कुणाकुणाच्या नावाने भरवायचा, हा चिऊचा, हा आईचा, हा बाबांचा. कॉम्प्युटर खात नव्हता, म्हणून सगळे घास मुक्ताने खाल्ले.

शनिवारी शिदू खेळणं घेऊन पुन्हा दुकानात. दुकानदाराने वास घेतला. "यात काय घातलंत?"

"पुरण. साजूक तुपातलं."

दुकानदाराने काडीने पुरण उकरून काढलं. "काका, याला भूक नाही लागत. चार्जिंग उतरलं होतं. गप्प झाला, हाक मारूनही बोलेना, की ही वायर लावायची. लगेच बोलतो."

"गप्प झाला, की वायर," शिदू वाटभर घोकत आला.

सोमवार आला. गोदाआत्या जपाची माळ घेऊन भिंतीशी बसली. शिदू म्हणाला, "आत्या, चहा घेतेस?"

आत्या गप्प.

"आत्या, अगं ऐकू येतं का?"

आत्याने बोट ओठांवर ठेवलं. शिदू घाबरला. अरे देवा, आत्याही उतरली! तो वायर घेऊन आला. पिन कुठे लावावी ते बघायला त्याने आत्याचा कान ओढला, मग दुसरा ओढला. कुठेच बसेना. शेवटी नाकपुडी जरा बरी वाटली.

"अरे मुडद्या!" आत्या कडाडली. "मेल्या, माझं मौन मोडलंस!"

"बोलली!" शिदू आनंदाने म्हणाला. "लगेच बोलली!"

आत्याने माळ खाली ठेवली. पोरीसाठी धरलेलं व्रत मोडलं, म्हणून म्हातारी हळहळली. पण शिदूचं तोंड बघून तिला रागही पुरता येईना. ती समजावून म्हणाली, "शिद्या, नीट ऐक. गप्प बसलेल्याला छळू नये. आणि कुणी बोलत असलं, तर शांतपणे ऐकावं. मध्ये आपण तोंड घालू नये, दुसऱ्याला घालू देऊ नये. कळलं?"

"कळलं."

शिदूने वायर खेळण्याला लावली, मुक्ताला समोर बसवलं आणि हाताची घडी घातली. दिवे लागले. आतली बाई म्हणाली, "हॅलो बेबी! से पापा!"

मुक्ताने तिकडे पाहिलंही नाही. ती उठली, डुलत डुलत शिदूकडे आली, त्याच्या गुडघ्यावर दोन्ही हात टेकले आणि वर बघून म्हणाली, "बाबा."

"शू!" शिदू म्हणाला. "ती बाई बोलतेय ना?"

"बाबा!"

"मध्ये बोलू नये गं."

"बाबा, बाबा, बाबा!" मुक्ता हसत त्याच्या गळ्यात पडली.

वैजंता पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. गोदाआत्या भिंतीपासून उठली. वैजंताने मुक्ताला घ्यायला हात पुढे केले.

शिदूने वैतागून मुक्ताला उचललं आणि बायकोच्या हातात दिलं.

"हिला जरा आत ने गं," तो म्हणाला. "ही अशी सारखी बोलत राहिली, तर बोलायला शिकणार कधी?"