बिनतारी शहाणपण

घराला तारेचाच अलार्म हवा, असं कुमुदिनीबाई कानीकपाळी ओरडून सांगत होत्या. पण थोरले दीर तात्यासाहेब पडले निवृत्त अधिकारी, ते कुणाचं ऐकतात?

"चोर आधी तार तोडतात! बिनतारीच बसवायचा. बायकांना यातलं काय कळतं?"

बसवला. वर्षाच्या आत घरफोडी झाली. सेल संपलेला अलार्म हूं की चूं न करता भिंतीवर बसून राहिला. तरी तात्यासाहेब भरल्या घरात शेजाऱ्यांना सांगतात कसे, "तारेचा असता तर चोरांनी तार तोडलीच असती!"

रिकाम्या कपाटाचं दार धाडकन आपटून कुमुदिनीबाई कडाडल्या, "चोरांना तोडायला तार होतीच कुठे, भाऊजी? अकलेचे तारे तेवढे तुम्ही तोडलेत, चोरीच्या आधीही आणि आत्ताही!"