निरोप्याचा सूर

त्या मुलखात शेजार सोडला तर कुणी कुणाच्या घरी जात नसे, कारण प्रत्येक बिळात एक निरोप्या होता. निरोप्या म्हणजे मूठभर आकाराचा हिरवा बेडूक. तो कोनाड्यात बसे, मागचा एक पाय जमिनीतून आलेल्या लांब मुळावर टेकवी, आणि डोंगरापलीकडून त्या मुळातून जे येईल ते ज्याच्या त्याच्या आवाजात घरभर ऐकवी. इकडचं बोलणंही तसंच तिकडे जाई. ज्याच्यासाठी निरोप असे ते घरात नसलं, तर त्याने येऊन "पोचलं" म्हणेपर्यंत तो तेच ऐकवत राही. त्याचा गळा धडधडत असला की घर निश्चिंत. एवढी सोय असताना पाय कशाला झिजवायचे, असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांचे तळवे लोण्यासारखे मऊ झाले होते.

सोयीबरोबर एक रीतही आली होती. नको तो प्रश्न आला की "आवाज तुटतोय गं, मग बोलू" म्हणायचं. नाही म्हटल्याचा वाईटपणा नको, हो म्हटल्याची जबाबदारी नको, दोष सगळा बेडकाच्या माथी. बेडूक बिचारा तेही इमानेइतबारे पोचवी.

धुरपा साळिंदरीण रीतीभातीला पक्की होती. तिची लेक रेवू डोंगरापलीकडे दिली होती. एका सकाळी शेजारची कोंडूबाई घोरपड गप्पा मारायला आली असताना निरोप्याच्या तोंडून रेवू म्हणाली, "आई, इथं मला पाणीसुद्धा विचारून प्यावं लागतं. पिलांना घेऊन कायमची येऊ का गं?"

कोंडूबाईने कान टवकारले. धुरपा चटकन कोनाड्याकडे वळली. "आवाज तुटतोय गं, मग बोलू," ती मोठ्याने म्हणाली आणि तिने कोंडूबाईपुढे कंद ठेवले.

कोंडूबाई गेली तेव्हा दुपार कलली होती. धुरपा घाईघाईने कोनाड्यापाशी आली. "रेवू, बोल आता." उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

"अगं, निरोप्या दमला असेल," तिचा नवरा येसबा म्हणाला. दमलेल्या निरोप्याला पाण्यात बुडवायचं, तीस आकडे मोजायचे आणि बाहेर काढायचं, हा उपाय त्या मुलखात सगळ्यांना पाठ होता. धुरपाला धीर निघेना. तिने विसालाच त्याला बाहेर ओढलं, म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागलं. निरोप्याने डोळे उघडले, गळा फुगवला आणि येसबाच्या भावाच्या आवाजात सांगितलं की यंदा रताळी बरी आलीत.

"लागला की सूर!" येसबा खुश झाला.

"रेवूचा कुठं लागला?" धुरपा म्हणाली.

मग तिने कोनाड्यासमोरची पाण्याची मडकी हटवली. पाणी आवाज पिऊन टाकतं असं कुणीतरी सांगितलं होतं. त्या घाईत दोन मडकी फुटली. मग निरोप्याला उचलून घराच्या मधोमध उंच दगडावर बसवलं, मूळही ताणून तिथवर आणलं, आणि घरच्यांनी भिंतीला टेकून जेवायचं असं ठरलं. दर उपायानंतर ती बेडकाच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणे, "रेवू, ये गं. आत्ता निघ." आधी दबक्या आवाजात म्हणे, कोंडूबाईला ऐकू जाईल म्हणून. मग ओरडू लागली. मग तर ती थेट कोंडूबाईच्याच दारात जाऊन उभी राहिली.

"तुमचा निरोप्या आमच्याच सुरात ओरडतो, त्यात रेवूचा आवाज बुडतो. त्याला जरा खालच्या सुरात घ्या."

"आमचाच का? तुमचाच घ्या की!" कोंडूबाई म्हणाली. वीस वर्षांचं येणंजाणं तिथेच संपलं.

शेवटी मुळं तपासणाऱ्या हरबा मुंगसाला बोलावलं. त्याने बेडकाचा पाय उचलला, पुन्हा ठेवला, मूळ हुंगलं.

"काकू, गळा खणखणीत आहे. मूळही ओलं आहे."

"मग माझी लेक का बोलत नाही?"

हरबा आपली नखं पाहू लागला. "खिंडीपर्यंतचं मूळ आमच्याकडे. पलीकडचं पलीकडच्यांकडे. मी तक्रार सांगून ठेवतो."

"कुणाला सांगणार?"

"निरोप्याला," हरबा म्हणाला आणि निघून गेला.

धुरपा उठली. येसबा दारात आडवा आला. "अगं, असं कुणी चालत जातं का? लोक काय म्हणतील?"

"लोकांचंच ऐकत बसले हो मी," ती म्हणाली. तिला रडू आवरेना. येसबा बाजूला झाला.

मुळाचा माग धरून ती चालू लागली. दहा पावलं गेली की ती माती उकरून बघे. मूळ कुठेतरी तुटलेलं सापडू दे, असं ती मनोमन विनवीत होती. उंदराने कुरतडलेलं असू दे, दगडाखाली चेंगरलेलं असू दे. म्हणजे रेवूने आपलं काहीच ऐकलं नाही असं होईल, आणि रेवू अजून तिथेच वाट बघत बसलेली असेल. पण दर खड्ड्यात मूळ धडधाकट निघे. खिंड ओलांडेपर्यंत तिचे तळवे सोलवटले. पलीकडच्या उतारावर तर ती उकरायलाच भ्यायली, तरी उकरत राहिली. मूळ कुठेच तुटलेलं नव्हतं.

रेवूच्या सासरी बिळाच्या तोंडाशी सासू ऊन खात बसली होती. विहीण पायी येऊन रेवूला विचारते आहे हे पाहून ती गोंधळली.

"रेवू? ती तर कधीच गेली. पिलांना घेऊन गेली. तुमच्याकडे आली नाही का?"

"कधी गेली?"

"आठवडा झाला असेल. सकाळी तुमच्याशी बोलली, दुपारी चालती झाली." सासूने माळाकडे हात केला. त्या बाजूला कुणाचंही बीळ नव्हतं, एकही मूळ जात नव्हतं. "आणि विहीणबाई, तिच्या खोलीतल्या त्या बेडकाचं काहीतरी करा. ऐकून ऐकून डोकं उठलंय आमचं."

धुरपा भिंत धरत धरत आत गेली. खोली झाडून स्वच्छ केलेली होती. कोपऱ्यात पिलांचं गवताचं अंथरूण होतं, त्यावरचे खळगे अजून बुजले नव्हते. "पोचलं" म्हणायला रेवू नव्हती, म्हणून कोनाड्यात बेडूक गळा फुगवून बोलतच होता. "रेवू, ये गं. आत्ता निघ. रेवू, ये गं. आत्ता निघ." रिकाम्या खोलीत धुरपाचाच आवाज घुमत होता, आणि त्यातलं एकही अक्षर तुटत नव्हतं.