फोनच्या तारेचा मान

जुने फोन अजून टेबलावर मानाने बसायचे, तेव्हाची गोष्ट. शेवंताबाईंच्या पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानापासून मागच्या गोडाऊनपर्यंत एकाच नळीतून दोघी जायच्या: फोनची तार आणि कॉम्प्युटरची केबल.

केबल दिवसभर बिलं, फोटो, मालाच्या याद्या वाहून घामाघूम व्हायची. तार ऐटीत पडून असायची. फोन केला की गोडाऊन सांभाळणारे इनूसभाई म्हणायचे, "थांबा, बघून सांगतो," आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून वॉशर शोधायला जायचे ते गेलेच. तोवर दुकानातल्या दुसऱ्या कोणाला गोडाऊनशी बोलता यायचं नाही. गिऱ्हाइकं कंटाळून समोरच्या दुकानात जायची.

"अगं, कोणी बोलत नाहीये ना! मग वाट का अडवून बसलीस?" केबल करवादली.

"ही वाट बोलण्यासाठी राखीव आहे. कोणी बोलो, न बोलो."

"कर्म माझं!"

शेवटी शेवंताबाईही वैतागल्या. त्यांनी नवे फोन केबललाच जोडून घेतले.

"तू सगळं तुकडे करून नेतेस. आता बोलण्याचेही तुकडे होतील बघ," तार फणकारली.

"होऊ देत. पलीकडे पोचले की जोडले जातात. आणि कोणी गप्प बसलं, की त्या फटीतून मी बिलं पुढे सरकवते."

एकाच केबलवरून तिघं तिघं बोलू लागले, बिलंही अडली नाहीत.

तार नळीतून उपसून काढली गेली. इनूसभाईंनी ती अंगणात दोन खिळ्यांना बांधली. आता तिच्यावर दुकानातली फडकी वाळतात, आणि ती प्रत्येक फडक्याला दटावते, "जरा सरकून बस. आत्ता फोन येईल."