दुधाच्या टेम्पोनंतरची घंटा

एकदा एका खेड्यातल्या महाविद्यालयाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, आणि संस्थापक गुरुजींनी निवृत्त होताना आपल्या जागी आपल्याच एका विद्यार्थिनीचे नाव सुचवले. साऱ्या गावाने मान डोलावली. जिचे नाव होते, तिचीच मान काही हलेना.

वैजयंती तिथेच शिकली आणि आता तिथेच शिकवत होती. लेकरू आठ महिन्यांचे. समारंभाच्या सकाळी ती धापा टाकत पोहोचली, पदरावर पेजेचा डाग, आणि वाटेत घोकलेले वाक्य तोंडात.

"सर, मला हे झेपणार नाही. आजच्या दिवशीसुद्धा मी उशिरा आले. बाळ कधी उठेल त्यावर माझी सकाळ. प्राचार्य म्हणजे कसं, घड्याळासारखं माणूस हवं."

"आधी घंटा होऊ दे," गुरुजी म्हणाले, "मग बोलू."

घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. गुरुजींनी हातोडी घेतली आणि नुसतेच उभे राहिले. ठरलेली वेळ टळली. शहरातले पाहुणे चुळबुळू लागले.

"गुरुजी, वाजवा की," समारंभाचे अध्यक्ष कुजबुजले. "मुहूर्त बघताय का?"

"टेम्पो बघतोय."

वैजयंतीने पाहुण्यांकडे, मग गुरुजींकडे पाहिले. सरांचे वय झाले, असेही मनात येऊन गेले. इथली घंटा रोज थोडी मागेपुढे होते, हे तिला माहीत होते. पण त्याचे खापर तिने विद्यार्थिदशेपासून शिपायाच्या आळसावर फोडले होते.

तेवढ्यात डेअरीपुढून दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेला. पाठोपाठ मुलेमुली धावत आली, रिकाम्या किटल्या कुंपणाशी ठेवून रांगेत उभी राहिली. मग गुरुजींनी रुळावर हातोडी मारली.

"पहिल्या वर्षी घंटा सातच्या ठोक्याला व्हायची," ते तिला म्हणाले. "शिस्त कडक, वर्ग रिकामा. इथल्या पोरांना शिक्षणाची ओढच नाही, असं ठरवून आम्ही कॉलेज बंद करायला निघालो होतो. ते सांगायला डेअरीवर गेलो, तर माझा अख्खा वर्ग किटल्या घेऊन रांगेत. 'सर, दूध घातल्याशिवाय येणार कसं?' म्हणाली पोरं. त्या दिवसापासून घंटा टेम्पो गेल्यावर. भाषणात आता देणग्या येतील, इमारती येतील. पण हे कॉलेज उभं राहिलं ते त्या सकाळी."

वैजयंतीने कुंपणाशी ठेवलेल्या किटल्यांकडे पाहिले.

"वेळेवर येणारी माणसं पुष्कळ मिळतील, वैजू. येणाऱ्याला उशीर का होतो, हे ज्याला कळतं असं माणूस मला इथं हवंय."

मांडवात मुलांची दाटी झाली होती. मागे उभ्या असलेल्या मुलींना तिने हाताने पुढे बोलावले, बसायला जागा करून दिली आणि परत गुरुजींपाशी आली.

"मग उद्यापासून किती वाजता येऊ, सर?"

गुरुजींनी हातोडी तिच्या हातात ठेवली. "ते आता तू ठरवायचं."