टिचकूला घर मिळेना

समुद्राकाठी एक खेकडा होता. त्याचं नाव टिचकू. केवढा होता? तुझ्या करंगळीच्या नखाएवढा! नांग्या टणक, पण पोट मऊ मऊ. म्हणून तो शंखात राहायचा. घर पाठीवर घेऊनच फिरायचा.

एक लाट आली. धप्प! शंख खडकावर आपटला. कट्! फुटला.

अरे देवा! टिचकूचं पोट उघडं. आणि होडीवर कोण बसलंय? कावळा!

"काव! मऊ मऊ खाऊ!"

टिचकू निघाला, जीव नांगीत धरून. तुरुतुरु, थांब! तुरुतुरु, थांब!

भेटला गट्टू खेकडा. टिचकूहून जरा मोठा.

"गट्टूदादा, गट्टूदादा! टिचकूला घर मिळेना. तुझं देतोस का?"

"देतो की! मला ते घट्टच होतं. पण आधी मला ढब्बूचं घर हवं. मी काय उघडा फिरू?"

कावळा आला पुढे. टप्!

तुरुतुरु, थांब! तुरुतुरु, थांब! भेटला ढब्बू. गट्टूहून मोठा.

"ढब्बूदादा, ढब्बूदादा! गट्टू घर देईना, टिचकूला घर मिळेना. तुझं देतोस का?"

"देतो की! पण आधी मला आजोबांचं घर हवं."

कावळा आणखी पुढे. टप् टप्!

तुरुतुरु, थांबायला वेळ कुठाय? भेटले खेकडेआजोबा. सगळ्यांत मोठे.

"आजोबा, आजोबा! ढब्बू घर देईना, गट्टू घर देईना, टिचकूला घर मिळेना. तुमचं देता का?"

"देतो रे बाळा! पण आधी मला तो मोठा शंख हवा. चांगूपाशी आहे बघ."

चांगू ही कोळ्यांची छोटी मुलगी. वाळूत जवळा, म्हणजे इवली इवली कोळंबी, वाळत घातला होता. त्यावर जाळं. जाळं उडू नये म्हणून कोपऱ्यावर तो मोठ्ठा शंख! आणि चांगू बसली होती राखण करत.

"चांगूताई, चांगूताई! आजोबा घर देईनात, ढब्बू घर देईना, गट्टू घर देईना, टिचकूला घर मिळेना. शंख देतेस का?"

"देते रं! पन जाल्यावर ठेवाला दगूड नको? दगूड हायेत तिकडं लांब. मी उठले तं कावला जवला खाईल. हाड केलं तरी येतो मेला! आदी त्याला घालव."

आता आली का पंचाईत! कावळ्याला घालवायचं? टिचकूने?

टिचकू दोन पावलं मागे सरला. पण गेला. थेट कावळ्यासमोर.

"कावळेदादा, कावळेदादा! चांगू शंख देईना, आजोबा घर देईनात, ढब्बू घर देईना, गट्टू घर देईना, टिचकूला घर मिळेना. तू जातोस का?"

"जातो की! पण आधी तुला खातो!"

कावळा वाकला. चोच उघडली. आऽऽ!

टिचकू शिरला पायाखाली. धरलं बोट नांगीत. चिमट्!

"क्राँव! मेलो, मेलो!" कावळा उडाला. फडफड, भुर्रर्र!

कावळा गेला, चांगू उठली. चांगूने दगड आणला, शंख वाळूत ठेवला. खेकडे लागले रांगेत. मोठा पुढे, छोटा मागे. आजोबा शिरले मोठ्या शंखात. खुडबुड, खटाक! ढब्बू शिरला आजोबांच्या घरात. खुडबुड, खटाक! गट्टू शिरला ढब्बूच्या घरात. खुडबुड, खटाक!

आणि गट्टूच्या घरात?

टिचकू! खुडबुड, खुडबुड... खटाक! ना सैल, ना घट्ट. अगदी त्याच्या मापाचं.

कावळा आला परत. लंगडत लंगडत. शंखावर चोच मारली. टक् टक्!

आतून नांगी आली बाहेर. "कोण आहे? चिमटा हवाय का?"

कावळा जो पळाला, तो अजून पळतोय!